ल्युपसची रुग्ण, फुप्फुसं भरलेली आणि दोन्ही बाजूंची औषधं एकदम: डॉक्टर गोंधळलेत का?

तुम्ही वाळपईजवळच्या गावातून लिहिलंय. बहीण ३४ वर्षांची, सहा वर्षं ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार. यंदा लावणीला माहेरी आली, चिखलात राबली, त्या गडबडीत तीन आठवडे गोळ्या सुटल्या. आधी ताप आणि सांधेदुखी, पाचव्या दिवशी दम, मग थुंकीत रक्त. आज आयसीयूतला तिसरा दिवस. एक डॉक्टर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून होणारं इन्फेक्शन) म्हणतात, दुसरे म्हणतात ल्युपसच फुप्फुसात उतरलाय, आणि प्रत्यक्षात अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड दोन्ही चालू आहेत. काल रात्री व्हेंटिलेटरच्या कागदावर सही मागितली. तुम्ही विचारता: हे अंधारात दगड मारणं नाही का? सही द्यावी का? की सरळ पुण्या-मुंबईला हलवावं?

मी गोव्यात बावीस वर्षं छातीचे आजार आणि आयसीयू बघतोय. तुमच्या ताईंना मी तपासलेलं नाही, त्यांचा एक्स-रे पाहिलेला नाही. त्यामुळे अमुक द्या, तमुक थांबवा असं मी इथून सांगणार नाही, आणि दुसरं कुणी सांगत असेल तर त्याचंही ऐकू नका. अशा रुग्णाच्या खाटेशी उभा असताना माझ्या डोक्यात काय चालतं, एवढं मात्र सांगू शकतो.

इथे दोन घड्याळं एकाच वेळी चालतात आणि त्यांचा मेळ बसत नाही. फुप्फुसाचं घड्याळ तासांचं असतं. सकाळी नळीवरच्या साध्या ऑक्सिजनवर बोलणारी बाई रात्री अकराला अर्धं वाक्यही पुरं करू शकत नाही. रिपोर्टांचं घड्याळ दिवसांचं. ब्लड कल्चर ४८ ते ७२ तास घेतं. लेप्टोची आयजीएम (रक्तातल्या अँटिबॉडीची) चाचणी तापाच्या पहिल्या पाच-सहा दिवसांत खोटी निगेटिव्ह येऊ शकते. ल्युपसच्या अँटिबॉडी बाहेरच्या लॅबला गेल्या की मध्ये रविवार आलाच. औषधांचंही तसंच. स्टिरॉइडचा परिणाम दिसायला दोन-तीन दिवस जातात. म्हणजे निदान पक्कं होईपर्यंत थांबायचं ठरवलं, तर ते पक्कं होईल तेव्हा उपचार करायला फुप्फुस उरलेलं नसेल. दोन्ही बाजूंची औषधं एकदम सुरू होतात ती या हिशेबातून.

आता लेप्टो की ल्युपस. आमच्याकडे पावसाळ्यात हे कोडं हमखास पडतं, आणि पुस्तकात वाटतं त्यापेक्षा ते अवघड आहे. ताप दोन्हींत. प्लेटलेट दोन्हींत घसरतात. किडनीचा आकडा, क्रिएटिनिन, दोन्हींत चढतं. लघवीत प्रथिन आणि रक्त दोन्हींत. आणि दोन्हींत फुप्फुसाच्या वायुकोशांत रक्त झिरपू शकतं. गंमत म्हणजे थुंकीत रक्त दिसेलच असं नाही. बरंचसं रक्त आतच साचतं, आणि पहिली खूण असते हिमोग्लोबिन. बाहेर कुठे रक्तस्राव नसताना ते दोन दिवसांत १०.५ वरून ७.८ वर आलं आणि एक्स-रे पांढरा होत चालला, की मी तिथेच सावध होतो. तुम्ही रोज विचारायचा पहिला आकडा हाच.

दोन्हींत फरक करायला मी काही साध्या गोष्टी बघतो. डोळे लालबुंद पण चिपडं नाहीत, पोटऱ्या दाबल्या की रुग्ण कळवळतो, काविळीचं बिलिरुबिन भरपूर वर पण लिव्हरचं एसजीपीटी त्या मानाने थोडंच वाढलेलं, किडनी बिघडूनही पोटॅशियम कमी, पांढऱ्या पेशी चढलेल्या: पारडं लेप्टोकडे झुकतं. उलट पांढऱ्या पेशी कमी, सी-३ आणि सी-४ ही कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातली प्रथिनं घसरलेली, ल्युपसची डीएस-डीएनए अँटिबॉडी वाढलेली, लघवीत लाल पेशींचे साचे, तोंडात फोड, केस गळणं, जुना पुरळ परत उठलेला: पारडं ल्युपसकडे. सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्तचाचणीचीही एक मजा आहे. नुसता ल्युपस उसळलेला असताना ते बहुधा फार चढत नाही, फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या आवरणाला सूज असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे ल्युपसच्या रुग्णात सीआरपी खूप वर दिसलं की मी इन्फेक्शन आणखी नेटाने शोधतो. यातली कुठलीही एक खूण निकाल देत नाही. आणि दोन्ही एकत्र असू शकतात, हे तर विसरायचंच नाही. इन्फेक्शनच कित्येकदा ल्युपसला डिवचतं.

तुम्ही माकडतापाचंही विचारलंय, सत्तरी तालुक्यात तो आहे म्हणून. तो काजूच्या हंगामातला, हिवाळा ते उन्हाळा या काळातला आजार. भर पावसाळ्यात तो माझ्या यादीत बराच खाली जातो.

मग दोन्ही औषधं का, याचं व्यवहारी उत्तर असं. लेप्टोवरचं सेफ्ट्रिअॅक्सोन किंवा पेनिसिलिन स्वस्त आहे आणि तुलनेने निरुपद्रवी. सोबत डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन) दिली की स्क्रब टायफस हा किड्यांच्या चाव्याने होणारा तापही झाकला जातो. लेप्टो नसताना ही औषधं दिली तर फारसं बिघडत नाही. असताना दिली नाहीत तर जीव जाऊ शकतो. हा निर्णय सोपा. स्टिरॉइडचा तेवढा सोपा नाही. फुप्फुसात ल्युपसचा रक्तस्राव असेल तर मिथाइलप्रेडनिसोलोन ५०० ते १००० मिलिग्रॅम रोज, असे तीन दिवस, हा पाया आहे आणि तो उशिरा घातला तर उपयोग घटतो. इन्फेक्शन एकटंच असेल तर हेच औषध प्रतिकारशक्ती आणखी दाबतं. तरी अँटिबायोटिकचं छत्र वर असताना तीन दिवसांच्या स्टिरॉइडने होणारं नुकसान बहुतेक वेळा सावरता येतं. तीन दिवस न दिल्याचं नुकसान सावरता येईलच असं नाही.

हे मी शहाणपणाने शिकलो असं समजू नका. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीला कल्चर येईपर्यंत स्टिरॉइड द्यायचं नाही असा हट्ट मी धरला होता. कल्चर स्वच्छ आलं, पण मुलगी हातातून गेली. पुढे काही वर्षांनी नेमका उलटा घोळ केला. आजारच उसळलाय असं गृहीत धरून स्टिरॉइड वाढवत नेलं, आणि पाचव्या दिवशी ब्रॉन्कोस्कोपीच्या (दुर्बिणीने फुप्फुस धुऊन काढलेल्या) पाण्यात न्यूमोसिस्टिस सापडला. तो रुग्ण वाचला, नशिबाने. तेव्हापासून या रुग्णांत मी एकाच बाजूवर सगळं पणाला लावत नाही.

न्यूमोसिस्टिस ही बुरशी एरवी कुणाला त्रास देत नाही. पण रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन महिनाभर चाललं असेल, वर दुसरं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध असेल, तर ती नेमकी असा पांढरा एक्स-रे तयार करते. यादीत आणखी संशयित आहेत. टीबी आपल्याकडे कायमच. रक्त गोठवणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी असतील तर फुप्फुसात गुठळी. किडनी बिघडल्याने किंवा हृदयाला सूज आल्याने साचलेलं पाणी, ज्यासाठी खाटेशीच इको (हृदयाची सोनोग्राफी) करता येतो आणि तो पहिल्या तासात व्हायला हवा. आणि अनवाणी शेतात उतरणाऱ्या माणसाच्या आतड्यात वर्षानुवर्षं गुपचूप राहणारा एक सूक्ष्म जंत, स्ट्राँगिलॉइड्स. मोठ्या स्टिरॉइडखाली तो फुप्फुसापर्यंत पसरतो. मी शेतातून आलेल्या अशा रुग्णाला स्टिरॉइडसोबतच आयव्हरमेक्टिन देऊन टाकतो. दोन दिवसांच्या गोळ्या, खर्च नगण्य.

ब्रॉन्कोस्कोपी करावी का, यावर डॉक्टरांत मतभेद असतात आणि ते खरेच आहेत. फुप्फुसात थोडं सलाइन सोडून परत ओढलं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळचं पाणी आधीपेक्षा लाल आलं, तर रक्तस्राव सिद्ध होतो. शिवाय त्याच पाण्यात टीबी, बुरशी, जंतू सगळं तपासता येतं. पण साध्या ऑक्सिजनवर जेमतेम टिकलेल्या रुग्णात ती केली तर तिथेच व्हेंटिलेटरसाठी श्वासनलिकेत ट्यूब घालायची पाळी येऊ शकते. म्हणून मी ती एक तर लवकर, सॅच्युरेशन बरं असताना करतो, नाहीतर ट्यूब घातल्यावर लगेच. मधल्या अवस्थेत टाळतो.

आता सहीचं. ‘व्हेंटिलेटरवर गेलेला माणूस परत येत नाही’ हे मी बांबोळीच्या कॉरिडॉरपासून पेडण्याच्या लग्नघरापर्यंत सगळीकडे ऐकलंय. त्यात थोडं तथ्य आहे, कारण व्हेंटिलेटरवर जातात तेच मुळात सर्वांत आजारी असतात. पण यंत्र फुप्फुस बरं करत नाही आणि मारण्यासाठीही लावलं जात नाही. ते औषधाला काम करायला दिवस मिळवून देतं. म्हणून सही करताना विचारायचं ते हे: हे दिवस आपण कशासाठी मिळवतोय? बरा होऊ शकेल असा आजार मागे असेल आणि त्याचं औषध सुरू झालेलं असेल, तर माझ्या मते सही द्यावी. तुमच्या ताईंच्या बाबतीत लेप्टो असो की ल्युपसचा रक्तस्राव, दोन्ही उलटवता येणारे आहेत. ते जीवघेणे आहेत, हेही तितकंच खरं.

बरेच नातेवाईक म्हणतात, ‘अजून एक रात्र हाय फ्लोवर काढूया.’ काही रुग्णांत हे योग्य असतं. नाकातून मिनिटाला ५०-६० लिटर गरम, दमट ऑक्सिजन मिळाला की काहींची ट्यूब टळते. पण खोल, जोरात, दर मिनिटाला ३५-४० वेळा श्वास घेणारा रुग्ण स्वतःच्या श्वासानेच आधीच सुजलेलं फुप्फुस आणखी फाडत असतो. आम्ही एक साधा भागाकार करतो. सॅच्युरेशन ९२, दिला जाणारा ऑक्सिजन ६० टक्के म्हणजे ०.६, मिनिटाला श्वास ३४: ९२ भागिले ०.६ म्हणजे १५३, त्याला ३४ ने भागलं की ४.५. हा आकडा ४.८८ च्या वर टिकला तर हाय फ्लोवर निभावण्याची शक्यता चांगली. खाली असेल आणि दर काही तासांनी आणखी उतरत असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही. हा आकडा न्यूमोनियाच्या रुग्णांवरून आलाय, रक्तस्रावाच्या नाही. म्हणून मी त्याच्या जोडीला चेहरा बघतो. मानेचे स्नायू ओढले जातायत का, बोलणं तुटतंय का, गुंगी येतेय का. तोंडावर घट्ट बसणारा मास्क मात्र रक्त खोकणाऱ्या रुग्णाला मी सहसा लावत नाही. रक्त आणि उलटी आत ओढली जायची भीती असते.

ट्यूब घातल्यावर यंत्र कसं चालवतात यावर बरंच अवलंबून आहे. २००० साली अमेरिकेतल्या ८६१ रुग्णांच्या चाचणीत, दर श्वासाला भरपूर हवा देण्याऐवजी किलोमागे ६ मिलीच्या आसपास दिल्यावर मृत्यूंचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आलं. हे किलो काट्यावरचे नव्हेत, उंचीवरून काढलेले. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईसाठी ते साधारण ४८ येतात, म्हणजे एका श्वासाला २८८ मिली. घरच्या चहाच्या दोन कपांएवढी हवा. यंत्राला याहून किती तरी जास्त देता येते, पण देत नाहीत. त्याने भागलं नाही तर रुग्णाला पालथं झोपवतात, सलग १६ तास तरी. २०१३ च्या फ्रेंच चाचणीत त्याने २८ दिवसांतले मृत्यू ३३ टक्क्यांवरून १६ वर आणले. तुम्ही भेटीला गेलात आणि ताई पोटावर झोपलेली, चेहरा सुजलेला दिसली, तर घाबरून जाऊ नका. आणि तुमच्या आयसीयूत पालथं झोपवतात का हे जरूर विचारा. त्याला महागडं यंत्र लागत नाही, चार-पाच माणसांचे हात लागतात, आणि रात्रपाळीला नेमके तेच कमी असतात.

या मिळालेल्या दिवसांत पुढचं औषध ठरतं. ल्युपसचा पुरावा गोळा झाला की सायक्लोफॉस्फामाइड किंवा रिटक्सिमॅब, ही प्रतिकारशक्ती जोरात दाबणारी औषधं. इन्फेक्शनचा संशय तगडा असेल तर मी ही पायरी ४८ ते ७२ तास मागे ठेवतो आणि मध्ये आयव्हीआयजीचा (शिरेतून दिल्या जाणाऱ्या तयार अँटिबॉडींचा) विचार करतो, कारण ते प्रतिकारशक्ती दाबत नाही. ते महाग असतं आणि किडनी बिघडलेली असेल तर जपून द्यावं लागतं. ५० किलोच्या रुग्णाला पाच दिवसांत एकूण १०० ग्रॅम लागतं, त्यावरून हिशेब करा. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर काय त्यात बसतं ते आजच काउंटरवर विचारून घ्या, बिल आल्यावर नको. प्लाझ्मा एक्स्चेंज, म्हणजे रक्तातला द्रव काढून बदलणं, मी रक्तस्राव थांबतच नसेल तर शेवटी करतो. त्याचा पुरावा कच्चा आहे. आणि सायक्लोफॉस्फामाइडचा विषय निघाला तर डॉक्टरांना शेवटच्या पाळीची तारीख सांगा. गर्भ नाही ना हे बघावं लागतं, आणि पुढे मूल हवं असेल तर त्यावरही बोलावं लागतं. घरातली मंडळी हे सांगायला संकोचतात.

हे उत्तर इतर नातेवाईकही वाचतील म्हणून एक गोष्ट. वरचं सगळं ल्युपसला धरून आहे, ते तसंच्या तसं दुसऱ्या आजाराला लावू नका. स्क्लेरोडर्मात, म्हणजे कातडी कडक होण्याच्या आजारात, मोठं स्टिरॉइड किडनीचं संकट ओढवू शकतं, तिथे आम्ही हात आखडतो. शिवाय अन्ननलिका सैल पडल्याने पोटातलं फुप्फुसात जातं, आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढलेला असेल तर ट्यूब घालतानाच हृदय थांबायची भीती असते. मायोसायटिसमध्ये, म्हणजे स्नायूंना सूज येण्याच्या आजारात, फुप्फुस ठीक असूनही श्वासाचे स्नायूच थकतात. त्यातल्या एमडीए-५ अँटिबॉडीच्या प्रकारात तर स्नायू शाबूत असतात, बोटांवर आणि कोपरांवर नुसते व्रण दिसतात, आणि फुप्फुस आठवड्यांत संपतं. तिथे सुरुवातीलाच दोन-तीन औषधं एकत्र द्यावी लागतात.

हलवण्याविषयी. ‘मोठ्या शहरात नेलं’ याचं समाधान नातेवाइकांना मिळतं, रुग्णाला नेहमीच मिळतं असं नाही. आधी विचारा, इथे नसलेली नेमकी कोणती गोष्ट तिकडे मिळणार आहे? एक्मो (रक्त शरीराबाहेर नेऊन ऑक्सिजन देणारं यंत्र)? प्लाझ्मा एक्स्चेंज? की फक्त नाव? संधिवाततज्ज्ञाचा सल्ला फोनवरही मिळतो, डॉक्टरांना तसं सुचवायला लाजू नका. प्लाझ्मा एक्स्चेंज किंवा डायलिसिस हवं असेल तर आधी गोमेकॉत (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात) फोन करून बघा. मग ऑक्सिजनचं गणित करा. हाय फ्लोवर मिनिटाला ५० लिटर लागत असतील तर ७००० लिटरचा मोठा सिलिंडर २ तास २० मिनिटांत संपतो, छोटा १५०० लिटरचा अर्ध्या तासात. चोर्ला घाटातून बेळगावला पोचायलाच अडीच-तीन तास जातात, तेही घाटात ट्रक आडवा पडलेला नसेल तर. पुणे-मुंबईचं सांगायलाच नको. ट्यूब घातलेल्या, स्थिर रुग्णाला साधारण मिनिटाला १० लिटर पुरतात. म्हणजे ऐकायला उलटं वाटेल, पण हलवायचंच असेल तर आधी व्हेंटिलेटरवर घेऊन, सोबत डॉक्टर असलेल्या अँब्युलन्समधून नेणं हाय फ्लोवर नेण्यापेक्षा सुरक्षित. आणि हा निर्णय आज घ्यायचा. यंत्रावरून द्यावा लागणारा ऑक्सिजन १०० टक्क्यांवर पोचल्यावर कुणी हलवू म्हणालं तर मी स्वतः नाही म्हणतो.

चवथीपर्यंत घरी येईल का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ट्यूब घातली आणि सगळं नीट गेलं तरी आठ-दहा दिवस यंत्रावर, आणि त्यानंतर उठून चालायला कित्येक आठवडे लागतात.

शेवटी आईंबद्दल. गोळ्या सुटल्या म्हणून त्या स्वतःला दोष देतायत असं तुम्ही लिहिलंय. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन शरीरात आठवडेच्या आठवडे राहतं, ते तीन आठवड्यांत पूर्ण उतरत नाही. दोष कुणाचा हे आज ठरणार नाही, ठरवायची गरजही नाही. पण त्या गोळ्यांत प्रेडनिसोलोन होतं का, किती मिलिग्रॅमचं, आणि नेमकं कोणत्या तारखेला थांबलं, हे आयसीयूला कळणं फार महत्त्वाचं आहे. बऱ्याच महिन्यांचं स्टिरॉइड अचानक थांबलं तर शरीराची स्वतःची कॉर्टिसोल तयार करण्याची सवय मोडलेली असते आणि बीपी कोसळतो. तो सेप्सिसमुळे कोसळलाय असं समजून उपचार चुकीच्या दिशेला जाऊ शकतात. प्रतिकारशक्ती दाबणारं मायकोफेनोलेट किंवा अझाथायोप्रिन चालू होतं का, सल्फाची अॅलर्जी कधी आली होती का, हेही हवं. न्यूमोसिस्टिसवरचं मुख्य औषध सल्फाचंच आहे आणि ल्युपसच्या रुग्णांत ते बाधण्याचं प्रमाण जास्त असतं. आईंना म्हणावं, गोळ्यांचा डबा, रिकाम्या स्ट्रिप्स आणि जुनी फाइल पिशवीत घाला, आणि आज संध्याकाळच्या राउंडच्या आधी डॉक्टरांच्या हातात द्या.